बिनसावलीच्या दुपारची बस

चेन्नईच्या पश्चिम तांबरममध्ये, रुळांपासून तीन गल्ल्या आत, सेतुमाधवरावांचं दुमजली घर आहे. त्या घराच्या पुढच्या खोलीत कायम कुणाची ना कुणाची पिशवी ठेवलेली असते. पिशवीला दोऱ्याने चिठ्ठी बांधलेली, चिठ्ठीवर तमिळमध्ये नाव आणि तारीख. नव्या माणसाला वाटतं, हे लोक इस्त्रीचे कपडे घेत असावेत. वरच्या मजल्यावर भाड्याने राहायला आलेल्या अदितीलाही तसंच वाटलं होतं. ती साताऱ्याची, गिंडीतल्या एका मोटारीच्या कंपनीत गाड्यांच्या ब्रेकची चाचणी घेते. पहिल्याच आठवड्यात ती दोन कुर्ते घेऊन खाली आली आणि म्हणाली, "काका, उद्यापर्यंत मिळतील का?"

सेतुमाधवरावांनी कुर्ते हातात घेतले, उलटसुलट पाहिले आणि आपल्या तंजावरी मराठीत विचारलं, "कोठें जाणार? तिकीट मंगळवारचें आहे कां?"

मग त्यांच्या पत्नी कुमुदिनीबाईंनी आतून येऊन कुर्ते परत दिले आणि सगळा प्रकार समजावला.

प्रकार असा. सेतुमाधवराव सरकारी बस खात्यात चौतीस वर्षं वेळापत्रकं बनवत होते. कुठली गाडी कुठल्या डेपोतून किती वाजता सुटेल, शेवटच्या थांब्यावर किती मिनिटं उभी राहील, हे ठरवणं त्यांचं काम. निवृत्त झाल्यावर शेजारच्या अलमेलूंना मुलीकडे सिंगापूरला जायचं होतं, आणि तेही कमीत कमी खर्चात. राव सारांनी, गल्लीत त्यांना याच नावाने हाक मारतात, सहज म्हणून कागद ओढला. विमानतळावरून कुठली बस, ती चुकली तर कुठली, पक्ष्यांच्या बागेचं तिकीट किती दिवस आधी काढलं तर स्वस्त, कुठल्या संग्रहालयात कुठल्या वेळी फुकट सोडतात, सगळं एका पानावर, चौकोन आखून. अलमेलू आठ दिवस टॅक्सीत पाय न ठेवता हिंडून आल्या आणि त्यांनी ही गोष्ट अख्ख्या गल्लीला सांगितली. तेव्हापासून आजवर राव सारांनी एकेचाळीस सहलींचे कागद बनवले. कोलंबो, बँकॉक, हनोई, एकदा तर थेट प्राग.

त्यांचा एक सिद्धांत होता. चेन्नईची माणसं अष्टमी-नवमीला निघत नाहीत, मंगळवारी निघत नाहीत. म्हणून त्या दिवसांची विमानं स्वस्त. हा सिद्धांत खरा की खोटा हे त्यांनी कधी कुणाला तपासू दिलं नाही, पण तिकिटं मात्र तीच काढायला लावायचे. लोक कुरकुरायचे, "पण सार, मंगळवार!" त्यावर त्यांच्याकडे तंजावरहून आलेला घरचा तोडगा होता. चांगला दिवस पाहून आधीच प्रस्थान ठेवायचं. पिशवीत एक नेसायचं वस्त्र, मूठभर तांदूळ, सुपारी आणि हळकुंड घालायचं आणि ती पिशवी आपल्या घरातून उचलून दुसऱ्याच्या घरी नेऊन ठेवायची. झालं, प्रवास त्याच मुहूर्तावर सुरू झाला. नंतर मंगळवारी निघा नाहीतर अमावास्येला, ते पुढचं चालणं. दुसऱ्याचं घर म्हणजे अर्थातच राव सारांची पुढची खोली. नियम एकच: प्रस्थान ठेवलं की माघार नाही. पिशवी मालकाला परत मिळणार ती विमानतळाकडे निघतानाच.

या कामाचे ते पैसे घेत नसत. परत आल्यावर हकीकत मात्र घ्यायचे, आणि त्यातून सुटका नसे.

"बस थांब्यावर पुरती थांबली का, की सरकत होती?"

"थांबली की, सार."

"ड्रायव्हर शेवटच्या थांब्यावर उतरला?"

"मी कशाला बघू?" अलमेलू म्हणायच्या. "मी समुद्र बघायला गेले होते."

"समुद्र इथंही आहे. ड्रायव्हर चहा प्याला की नाही ते सांगा."

वापरलेलं बसचं तिकीट कुणी आणून दिलं, की ते उन्हाला धरून बघायचे. कागद कसला, वेळ छापली आहे की नाही, परतीचं त्याच तिकिटावर चालतं का. ज्या शहरांच्या बसचे नंबर त्यांना तोंडपाठ होते, त्यांतल्या एकाही शहरात ते गेले नव्हते. पासपोर्ट होता. मुलाने, विजयेंद्रने, आठ वर्षांपूर्वी हट्टाने दोघांचे काढून घेतले होते. त्यांच्या पासपोर्टात एकही शिक्का नव्हता, आणि आता त्याची मुदत दोनच वर्षं उरली होती.

कुमुदिनीबाई अड्यारच्या एका शाळेत एकतीस वर्षं भूगोल शिकवत होत्या. जानेवारीत एका संध्याकाळी त्या पुढच्या खोलीत आल्या आणि इतर लोक बसतात त्या खुर्चीवर बसल्या.

"सार," त्या म्हणाल्या, "एक कागद करून द्यायचा होता."

सेतुमाधवरावांनी चष्मा वर केला. "हें काय नाटक?"

"तुम्ही गिऱ्हाइकाशीं असें बोलतां कां? मला विषुववृत्तावर जायचें आहे. एकवीस मार्चला, भर दुपारीं. सूर्य डोक्यावर आणि पायाशीं सावली नाहीं. एकतीस वर्षें फळ्यावर काढली ती दुपार. आतां मला तींत उभें राहायचें आहे."

"सावली तर आपल्या गच्चीवरही जाते. एप्रिलमध्यें एकदां, ऑगस्टमध्यें एकदां. फुकट."

"ती गच्चीवरची मीच तुम्हांला दाखविली. मला विषुववृत्तावरची पाहिजे. गुडघा चालतो आहे तोंवर."

त्या उठून आत गेल्या. सेतुमाधवरावांनी संगणक चालू केला, कारण प्रश्न मनात शिरला होता. विषुववृत्तावर बस जाते का?

जात होती! बोर्निओ बेटावर, मलेशियातल्या कुचिंगहून निघून जंगलातून सरहद्द ओलांडून इंडोनेशियातल्या पोंतियानाक शहरात जाणारी बस होती. एका देशात चढायचं आणि दुसऱ्या देशात उतरायचं. आणि विषुववृत्त त्या शहरातूनच जात होतं, नदीच्या पलीकडून. तिथे खांब उभारला होता. पुढचे तीन आठवडे राव सार जेवताना पानाकडे बघत नव्हते. सरहद्द किती वाजता उघडते? तिथे बस थांबते की माणसं पायी ओलांडतात? कुचिंगमध्ये ओरांगउटान केळी खायला कितीला येतात, आणि तिथली पहिली बस त्याआधी पोचते का? क्वालालंपूरला एक दिवस मिळत होता, तर उंच मनोऱ्याचं तिकीट त्यांनी संध्याकाळच्या गर्दीआधीच्या वेळेचं ठरवलं. निघायचं सतरा मार्चला. मंगळवार, त्यात अमावास्येचा आदला दिवस. विमान त्यांच्या मते मातीमोल.

कागद सुंदर झाला. फक्त शेवटचा चौकोन रिकामा होता. नदीपासून त्या खांबापर्यंत तीनेक किलोमीटर होते आणि तिथली बस, तिचा नंबर, तिची वेळ जगात कुठेही लिहिलेली सापडत नव्हती. त्या खांबाला तिकीटही नव्हतं. ज्याचं आधी तिकीट काढता येत नाही अशा जागेवर सेतुमाधवरावांचा विश्वास नसे.

कुमुदिनीबाईंनी कागद वाचला. वर लिहिलं होतं: प्रवासी दोन. कुमुदिनी, रंजनी.

"रंजनी कां?"

"तुझी सख्खी बहीण. तिला फिरायची हौस आहे."

"तिला मदुरैपर्यंतसुद्धां बस लागते, उलट्या होतात. तुम्ही कां नाहीं?"

"मी इथून फोनवर असेन. कांहीं अडलें तर मी लगेच दुसरी बस सांगेन. हें बरें की नाहीं?"

कुमुदिनीबाईंनी कागदाची घडी घातली. सेतुमाधवरावांना वाटलं, पटलं.

सोळा मार्चला सोमवारी सकाळी ते फिरून आले, आंघोळ केली आणि कपाट उघडलं. त्यांचं लाल काठाचं वेष्टी, म्हणजे नेसायचं धोतर, जागेवर नव्हतं. दोरीवर नव्हतं, इस्त्रीत नव्हतं. पुढच्या खोलीत नेहमीच्या पिशव्या होत्या, पण कुमुदिनीबाईंची पिशवी कुठे दिसेना. उद्या तर निघायचं, मग प्रस्थान?

"वर ठेवलें आहे," कुमुदिनीबाई स्वयंपाकघरातून म्हणाल्या. "आपल्याच घरीं प्रस्थान कसें ठेवणार? अदितीकडे दिलें. राहुकाळ संपल्यावर, नऊ वाजून पांच मिनिटांनीं."

सेतुमाधवराव जिना चढून वर गेले. अदिती ऑफिसला निघायच्या बेतात दारात उभी होती. तिच्या मागे खुर्चीवर पिशवी होती आणि पिशवीतून लाल काठ डोकावत होता. चिठ्ठीवर दोन नावं होती.

"अदिती, ती पिशवी दे पाहूं."

"नाही मिळायची, काका. काकूंचा हुकूम आहे."

"त्यांत माझें वेष्टी चुकून गेलें आहे."

"चुकून नाही गेलं. तिकीटही तुमचंच आहे, फेब्रुवारीतच काढलंय, माझ्या कार्डावर. काकूंनी पैसे दिले. रंजनीमावशींना तर काही माहीतसुद्धा नाही." तिला हसू आवरत नव्हतं. "आणि नियम तुमचाच. प्रस्थान ठेवलं की माघार नाही. मला उशीर होतोय, माझी लोकल जाईल."

ती दाराला कुलूप लावून निघूनसुद्धा गेली.

सेतुमाधवराव खाली येऊन पायरीवर बसले. कुमुदिनीबाईंनी कॉफी आणून दिली आणि त्यांच्याजवळ बसल्या.

"रागावलां?"

"नाहीं." त्यांनी कॉफी वाटीत ओतली, परत पेल्यात ओतली. "कुमुदिनी, तो सुब्बा ड्रायव्हर आठवतो? तुला नाहीं आठवणार. मी तांबरम ते अड्यार अठ्ठावन्न मिनिटें लिहिलीं होतीं. तो ऑफिसांत येऊन म्हणाला, सार, एकदां तुम्हीच बसा. मी बसलों. एक तास सत्तावीस मिनिटें लागलीं. शेवटच्या थांब्यावर पोचलों तेव्हां माझ्या कागदाप्रमाणें परतीची वेळही टळून गेली होती. तो खालीं उतरला नाहीं. पाणी प्याला नाहीं. माझ्याकडे एकदां पाहिलें आणि गाडी वळविली. त्यानें मला शिवी दिली असती तर बरें झालें असतें."

"मग?"

"मग मी वेळ वाढविली. पण त्यानंतर मी केलेल्या कागदावर मी कधीं बसलों नाहीं. दुसरे लोक बसतात. कागद चुकला तर ते मला सांगत नाहींत, चांगले लोक आहेत. तुझी दुपार माझ्या कागदानें चुकली तर?"

"चुकली तर मी शिवी देईन," कुमुदिनीबाई म्हणाल्या. "मी सुब्बा नाहीं. कॉफी गार होते आहे."

मंगळवारी ते निघाले.

क्वालालंपूरला पोचल्यापासून सेतुमाधवराव बिचकलेले होते. पण दुसऱ्या दिवशी मनोऱ्याची वेळ बरोबर निघाली, मनोऱ्याकडे जाणारी बसही, आणि त्यांची मान जरा ताठ झाली. मनोऱ्यावरून कुमुदिनीबाई क्षितिज बघत होत्या. ते खालचा बस-थांबा बघत होते. "ती पाहा, दारें आधीं उघडते, मग थांबते! आपल्याकडे असें केलें असतें तर निलंबित!" एकोणीसला युगादी, म्हणजे आपला पाडवा. त्या सकाळी ते कुचिंगला उतरले, आणि लॉजच्या खोलीत कुमुदिनीबाईंनी घरून पुडीत आणलेली कडुनिंबाची सुकी फुलं गुळाच्या खड्याबरोबर त्यांच्या हातावर ठेवली. दुपारच्या बसने जाऊन त्यांनी ओरांगउटान पाहिला. तो कागदात लिहिलेल्या वेळेच्या चार मिनिटं आधी आला.

"बघा, जनावर तुमचें वेळापत्रक पाळतें," कुमुदिनीबाई म्हणाल्या.

वीस तारखेला, शुक्रवारी, सकाळी नऊला ते कुचिंगच्या बसस्थानकात पोचले. पोंतियानाकची बस साडेदहाची होती. तिकीट खिडकीवर काढायचं असं राव सारांनी ठरवलं होतं. आगाऊ काढलं तर वर वेगळी फी लागते, आणि रमजानची सुट्टी म्हटल्यावर गाडी रिकामीच असणार.

खिडकीतल्या मुलीने इंग्रजीत सांगितलं, "फुल. सगळ्या गाड्या फुल. मंगळवारपर्यंत."

"का?"

"राया," ती म्हणाली, आणि यापुढे कुठला प्रश्न उरतो अशा चेहऱ्याने तिने पाहिलं. "उद्या ईद. सगळे घरी चाललेत."

सेतुमाधवराव मागे वळले आणि त्यांनी पहिल्यांदा स्थानक नीट पाहिलं. दोरीने बांधलेली खोकी, बिस्किटांचे मोठे डबे, गुंडाळलेले गालिचे, नवा टीव्ही मांडीवर घेऊन बसलेला माणूस, झोपलेली पोरं, आणि सगळ्यांचं तोंड एकाच फलाटाकडे. हे दृश्य त्यांनी चौतीस वर्षं दर वर्षी पाहिलं होतं. तांबरमच्या स्टँडवर, दीपावलीच्या आदल्या दिवशी.

ते खांबाला टेकलेल्या कुमुदिनीबाईंपाशी आले. "चुकलें," ते म्हणाले. "पंचांग पाहिलें, अमावास्या पाहिली, राहुकाळ पाहिला. रमजानही दिसला होता. पण मी तो चेन्नईचा रमजान धरला. गिंडीचीं ऑफिसें बंद, गाड्या रिकाम्या. इथें ती दीपावली आहे, कुमुदिनी. एवढें माझ्या डोक्यांत आलें नाहीं."

कुमुदिनीबाई पिशवीवर बसल्या. कबूल केलेली शिवी त्यांनी दिली नाही, आणि तेच सेतुमाधवरावांना सोसेना. दुपार उद्याची होती. आज बस मिळाली नाही तर त्या नुसत्या परत जाणार होत्या, आणि पुढच्या वर्षी गुडघा कसा असेल हे कुठल्याच कागदावर लिहिलेलं नव्हतं.

त्यांनी डोळे मिटले. दीपावलीला ते काय करायचे? छापील वेळापत्रक तर दुपारीच मोडून पडायचं. मग डेपोतल्या राखीव गाड्या काढायच्या, सुट्टीवरचा ड्रायव्हर बोलवायचा, आणि गाडी भरली की सोडायची. त्या जादा गाड्या खिडकीवरच्या मुलीला कधीच ठाऊक नसायच्या. त्या ठाऊक असायच्या फक्त एका माणसाला.

"इथेंच बस," ते म्हणाले. "मी वेळ लिहिणाऱ्याला शोधून येतों."

तो सापडला स्थानकाच्या मागच्या बाजूला, बसच्या सावलीत, प्लॅस्टिकच्या स्टुलावर. पन्नाशीचा, टोपी घातलेला, मांडीवर फळी आणि फळीवर आखलेला कागद. सेतुमाधवराव त्याच्या खांद्यावरून वाकून कागद वाचू लागले. भाषा येत नव्हती, पण रकाने ओळखीचे होते: गाडी, चालक, सुटली, किती.

माणसाने वर पाहिलं. "काय पाहिजे, अंकल?"

"मीही हेच लिहायचो," सेतुमाधवराव इंग्रजीत म्हणाले. "मद्रासमध्ये. चौतीस वर्षं."

"टायमिंग?" माणसाने पेन खाली ठेवलं. "मग ड्रायव्हर लोक तुमचा राग करायचे?"

"सगळे."

तो मोठ्याने हसला आणि पलीकडे उभ्या असलेल्या ड्रायव्हरला काहीतरी ओरडून सांगितलं. तोही हसला, पण जरा कमी. सेतुमाधवरावांनी कागदाच्या तळाशी पेन्सिलीने लिहिलेल्या तीन ओळींवर बोट ठेवलं. छापलेल्या नव्हत्या. "जादा?"

"तुम्हाला कसं कळलं?"

"आम्हीही पेन्सिलीनेच लिहायचो."

पोंतियानाकला एक जादा गाडी भरत होती. मागच्या ओळीत, इंजिनाच्या वर, दोन जागा होत्या. गरम जागा. ते पळतच कुमुदिनीबाईंकडे आले, पिशव्या उचलल्या, त्यांना धरून मागच्या बाजूला आणलं. ड्रायव्हरने इंजिन सुरू केलं. पायरीवर पाय ठेवता ठेवता सेतुमाधवरावांचं घड्याळाकडे लक्ष गेलं आणि पाय तसाच राहिला.

"काय झालें?"

"दहा चाळीस. शुक्रवार. साडेदहा ते बारा राहुकाळ."

"अय्यो!" कुमुदिनीबाईंनी कपाळाला हात लावला. "राहुकाळ कशावरून मोजतात? सूर्योदयावरून. तुमच्या कॅलेंडरचा सूर्योदय सहाचा. इथें आज सूर्य उगवला पावणेसातला. मी खिडकींत उभी होतें. इथला राहुकाळ सव्वाअकराला लागेल. चढा आतां, भूगोल मी पास केला आहे."

मागून कुणीतरी मलय भाषेत घाई केली. राव सार चढले.

इंजिनाच्या वर बसून माणूस कसा भाजतो हे त्यांना चौतीस वर्षांत कळलं नव्हतं. गाडी टेकड्यांतून, मिरीच्या मळ्यांतून, मग नुसत्या हिरव्या झाडीतून चालली. शेजारच्या बाईच्या मांडीवर कोंबडीचं खोकं होतं. कोंबडी मधूनमधून त्यांच्या कोपराला चोच मारत होती. सरहद्दीवर सगळ्यांना उतरवलं. ते आणि कुमुदिनीबाई खोकीवाल्यांच्या रांगेतून पायी दुसऱ्या देशात गेले. पासपोर्टवर शिक्का बसला तेव्हा त्यांनी तो वाळेपर्यंत फुंकर घातली. पलीकडच्या भिंतीवर घड्याळ होतं. त्यात एक तास कमी होता.

"कुमुदिनी! हें बंद आहे कां?"

"चालू आहे. इथली वेळ तासभर मागें."

"म्हणजे एक तास फुकट?" ते घड्याळाकडे बघत राहिले. जन्मभर त्यांनी दोन-दोन मिनिटांसाठी भांडणं केली होती. "कुणी मागितला नाहीं, कुणी सही केली नाहीं, आणि अख्खा तास?"

मुक्कामावर पोचले तेव्हा दोघेही इतके दमले होते, की ठरवलेल्या खोलीत शिरून न जेवताच झोपले.

सकाळी शहर बंद होतं. मशिदींतून आवाज येत होते आणि रस्त्यावरून नव्या कपड्यांतली कुटुंबं स्कूटरवर चार-चार बसून चालली होती. लहान प्रवासी गाड्या आज दुपारपर्यंत निघणार नाहीत, असं खोलीच्या मालकिणीने हातवारे करून सांगितलं आणि दोघांच्या हातात गोड वडीचे तुकडे ठेवले. नदीची फेरी मात्र नमाजानंतर चालू होणार होती. ते घाटावर जाऊन बसले. फेरी सुटली पावणेअकराला. नदी चहाच्या रंगाची आणि रुंद होती. पलीकडे उतरून ते उत्तरेच्या रस्त्याला लागले, आणि कुमुदिनीबाईंचा गुडघा वीस मिनिटं चालला.

एका थांब्याच्या पत्र्याखाली त्या बसल्या. थांबा होता, पण त्यावर नंबर नव्हता, वेळ नव्हती, काहीच नव्हतं. सेतुमाधवरावांनी रस्त्याच्या कडेला उभं राहून हात केला. एक गाडी गेली, आजी-आजोबांसकट भरलेली. दुसरी गेली. तिसरीतल्या माणसांनी हात हलवून ईदच्या शुभेच्छा दिल्या. अकरा वाजून अडतीस मिनिटं झाली होती. कुमुदिनीबाईंनी घरीच हिशेब करून ठेवला होता: इथली खरी दुपार अकरा पन्नासला.

"अजून बारा मिनिटें," ते म्हणाले. "खांब दोन किलोमीटर. एखादी मिळेल. मिळायला पाहिजे."

"अहो, इकडे या."

"थांब, ती निळी येते आहे—"

"इकडे या म्हणतें ना. एक सांगा. इथून खांबापर्यंत दोन किलोमीटर. तेवढ्यानें सूर्य डोक्यावरून किती सरकेल?"

सेतुमाधवरावांचा उंचावलेला हात खाली आला. हा प्रश्न त्यांनी स्वतःला विचारलाच नव्हता.

"मुंगीलासुद्धां दिसणार नाहीं एवढा," कुमुदिनीबाई म्हणाल्या. "खांब फोटोसाठीं आहे. दुपार सगळ्या गांवाला सारखीच येते. मला धरा. उन्हांत नेऊन उभी करा."

"खांब नाहीं पाहायचा?"

"संध्याकाळीं पाहूं. तेव्हां बस मिळेल."

ते त्यांना हाताला धरून रस्त्याच्या कडेच्या मोकळ्या सिमेंटवर घेऊन आले. कुमुदिनीबाईंनी पिशवीतून पाण्याची उंच बाटली काढली आणि जमिनीवर उभी केली. बाटलीच्या पश्चिमेला अजून बोटभर सावली होती. त्या वाकून बघू लागल्या, आणि आवाज आपोआप वर्गातला झाला. "कुणीं उजेड अडवूं नका."

समोरच्या घरातून एक म्हातारी बाहेर आली, हिरव्या नव्या कपड्यांत. तिच्यामागे तिची सून, मग तिचा मुलगा, मग पाहुणे. हे दोन परके लोक रस्त्यावर बाटली ठेवून काय शोधताहेत हे कुणाला कळेना. मुलाला थोडं इंग्रजी येत होतं. त्याने विचारलं आणि कुमुदिनीबाईंनी सांगितलं. तो हसला. लहानपणी शाळेत ऐकलं होतं, म्हणाला, पण कधी थांबून बघितलं नाही. त्याने मग आईला सांगितलं आणि म्हातारीने आपली चप्पल पुढे करून बाटलीशेजारी पाय ठेवला. बाकीचेही गोळा झाले, सगळे खाली मान घालून.

सावली अर्धं बोट झाली. मग नुसती कड.

"किती वाजले?" कुमुदिनीबाईंनी विचारलं.

"एकोणपन्नास."

"आतां घड्याळ पाहूं नका. खालीं पाहा."

बाटली आपल्याच बुडावर उभी होती आणि तिच्या भोवती सगळीकडे सारखं ऊन होतं. म्हातारीने स्वतःभोवती एक गिरकी घेतली, मागे बघितलं, पुढे बघितलं आणि तोंडाला ओढणी लावून हसू लागली. सेतुमाधवरावांनी आपला हात पुढे केला, मागे घेतला, एक पाय उचलला. पावलाखाली पावलाएवढा अंधार होता, बाकी काही नाही. कुमुदिनीबाई बाटलीच्या बुडाकडे बघत होत्या. त्यांचा चेहरा घामाने निथळत होता आणि त्या तो पुसतही नव्हत्या.

"कुमुदिनी, आतां पुढें काय होतें?"

"आतां निघेल. दुसऱ्या बाजूनें."

"कुठल्या?"

"मी सांगणार नाहीं. तुम्ही बघून सांगा."

सेतुमाधवरावांनी चष्मा पुसला, गुडघ्यांवर हात टेकून खाली वाकले आणि वाट बघू लागले.